नकाशातली कोरी जागा

बर्लिन, ८ सप्टेंबर

आज दुपारी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबरोबर क्ले-आले या रस्त्यावरचे दोस्तराष्ट्रांचे संग्रहालय पाहून आलो. एकेकाळी अमेरिकी सैनिकांसाठी बांधलेल्या ‘आउटपोस्ट’ चित्रपटगृहात ते थाटलेले आहे. आवारात चेकपॉइंट चार्लीवरची, म्हणजे पूर्व-पश्चिम बर्लिनच्या सीमेवरच्या नाक्यावरची, पहाऱ्याची खोली ठेवली आहे. २२ जून १९९० रोजी क्रेनने उचलून नेली तीच. जगभर जिचा दबदबा होता ती खोली जवळून पाहिली, तर आपल्याकडच्या जकात नाक्यावरच्या टपरीहून फारशी वेगळी वाटत नाही.

आजचा दिवस शेजाऱ्यांनीच निवडला होता. ८ सप्टेंबर १९९४ रोजी अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बर्लिनचा निरोप घेतला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे राजदूत रिचर्ड होलब्रुक यांनी शहरात अमेरिकन अकादमी स्थापन करण्याची घोषणा केली. सैनिक गेल्यावर लेखक-अभ्यासकांनी यावे, असा तो विचार होता. पश्चिम बर्लिनकरांना या निरोपाची हुरहुर वाटणे स्वाभाविकच होते, कारण १९४८-४९ मध्ये सोव्हिएत नाकेबंदीत अन्न आणि कोळसा त्यांच्या विमानांनी आला तेव्हापासूनचा तो ऋणानुबंध होता. शेजारी मात्र पूर्व बर्लिनचे. त्यांच्या वाट्याची मैत्री सरकारने ठरवून दिलेली होती: पाचवीपासून रशियन भाषा सक्तीची आणि जर्मन-सोव्हिएत मैत्री संघाच्या सभासद-पुस्तिकेत वर्गणीची तिकिटे चिकटवायची. “मैत्री म्हटले की मला अजून डिंकाचा वास येतो,” असे ते म्हणाले.

तरीही १९९२ मध्ये, सतराव्या वर्षी, ते वर्षभरासाठी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गेले, तेही सरकारी योजनेतूनच. क्रेफेल्डहून १३ कुटुंबे १६८३ मध्ये अमेरिकेत जाऊन वसली, त्याला ३०० वर्षे झाली म्हणून अमेरिकी काँग्रेस आणि जर्मन संसद बुंडेस्टाग यांनी १९८३ मध्ये ही विद्यार्थी-देवघेव सुरू केली होती. एकीकरणानंतर पूर्वेकडच्या मुलांनाही तिचे दार उघडले. पैसा दोन्ही सरकारांचा, मग ही मैत्री तरी डिंकाचीच नव्हे काय, असे मी काहीशा खवचटपणे विचारले. त्यावर ते म्हणाले की, परक्या मुलाला वर्षभर घरात ठेवणाऱ्या कुटुंबाला त्याबद्दल छदामही मिळत नाही. मला गप्प बसावे लागले.

आपले घर दाखवता यावे म्हणून त्यांनी शाळेतला बर्लिनचा नकाशा सोबत नेला होता. पूर्व जर्मनीच्या त्या नकाशात पश्चिम बर्लिनच्या ठिकाणी नुसती कोरी जागा होती. ना रस्ते, ना नावे. यजमान स्वयंपाकघराच्या टेबलावर ओणवे होऊन नकाशा बराच वेळ न्याहाळत राहिले आणि मग कळले की, ऐन तारुण्यात ते स्वतः पश्चिम बर्लिनच्या लिश्टरफेल्ड भागातल्या अमेरिकी मॅकनेअर बराकीत सैनिक होते. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना गणवेशात पूर्वेकडे जाण्याची मुभा असे, त्यामुळे त्यांनी अलेक्झांडरप्लात्झवर फेरफटकाही मारला होता. मात्र तिथल्या एकाही माणसाशी ते बोलले नव्हते. पूर्व बर्लिनचा जो पहिला माणूस त्यांच्याशी बोलला, तो त्यांच्याच टेबलाशी बसून मक्याचे कणीस खात होता.

रात्री शेजारी तो नकाशा घेऊन खाली आले. कोऱ्या जागेत यजमानांनी पेन्सिलीने काढलेल्या खुणा आहेत: बराक, भुयारी रेल्वेचे एक स्थानक आणि पगाराच्या दिवशी जायचे ते बिअरचे दुकान. खुणा आता जेमतेम दिसतात. शाईने गिरवून देऊ का, असे मी विचारले, तर त्यांनी नकाशा हळूच माझ्या हातून काढून घेतला.