आमची वाटचाल : पुळणीवरच्या गवताची रोपवाटिका

वाळू धरून ठेवणाऱ्या गवताची रोपं विकून सिंधुदुर्गात धंदा चालतो, हे कर्ज मागायला गेलं की आजही समजावून सांगावं लागतं. आमचं मुख्य पीक स्पिनिफेक्स, म्हणजे रावणाच्या मिशा, जोडीला मर्यादवेल. सुरूची झाडं आम्ही ठेवत नाही. सुयांचा थर साचला की खाली काही उगवत नाही, आणि लाटांनी पायथा खाल्ला की उथळ मुळांसकट झाड आडवं होतं. तरी मागणी सुरूचीच जास्त!

सुरुवातीची वर्षं सरळ गेली. सांगायचं आहे ते किनाऱ्यावर गवत लावायच्या एका निविदेबद्दल.

आमचा दर मुळं धरलेल्या, पिशवीतल्या रोपाचा होता. दुसऱ्या एका पुरवठादाराने निम्म्याहून कमी दर भरला आणि काम घेतलं. माल आणला शेजारच्या पुळणीवरच्या टिब्ब्यांचं गवत उपटून. वाळूचे टिब्बे सीआरझेड-१ अ मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत जपलेल्या वर्गात येतात, पण विचारतो कोण? एका किनाऱ्याचं धोतर फाडून दुसऱ्याला ठिगळ लावलं. त्यात कांड्या एकेका पेराच्या, बंद टेम्पोत तापलेल्या, आणि लावणी मे महिन्यात, पाण्यालगतच्या रुंद पट्ट्यावर. तो पट्टा उन्हाळ्यापुरताच असतो. समुद्र दिवाळीनंतर वाळू आणून टाकतो आणि जूनच्या उधाणात परत नेतो. गवतही गेलं. मग गावोगाव एकच बोलणं: गवताने काही होत नाही, धूपप्रतिबंधक बंधाराच हवा.

आमच्या मागण्या रद्द झाल्या. हे रोप गोदामात ठेवायचा माल नव्हे. वेळेत उचललं नाही तर धावती खोडं एकमेकांत गुंततात, मुळं पिशवी फोडून खाली वाफ्यात घुसतात आणि उचलताना तुटतात. पाणी आणि मजुरी मात्र चालूच. रोपवाटिका मोडायचीच बाकी होती.

तगलो ते एका नारळ बागायतदारामुळे. त्यांच्या वाडीची समुद्राकडची कड दर पावसाळ्यात ढासळायची. सगळे बंधाऱ्याच्या मागे असताना त्यांनी आमची रोपं घेतली आणि लावणी आम्ही सांगितली तशीच केली. ती पद्धत अशी.

कांडी ३० ते ४५ सेंमीची, तीन-चार पेरांची, धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापलेली. कोयत्याने टोक चेचतं आणि कुजतं. कापल्यावर ओल्या गोणपाटात, सावलीत. पिशवीत पुळणीचीच वाळू आणि थोडा नारळाचा भुसा. तांबडी माती घातली तर ढेकूळ घट्ट होतं आणि मुळं बाहेरच्या वाळूत शिरत नाहीत. पानांची टोकं सुईसारखी, म्हणून हातमोजे आणि गमबूट लागतातच. लावणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पावसाळी लाटांच्या वरच्या रेषेच्याही वर. पारयीने (पहारीने) २० सेंमी खड्डा, दोन पेरं वाळूत, शेंडा बाहेर, पायाने घट्ट दाबणं. ओळी आडव्या-तिरक्या, अंतर अर्धा ते एक मीटर.

वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचं मीटरभर उंच कुंपण, निम्मं उघडं. गच्च विणलं तर वारा आपटून पायथ्याचीच वाळू उकरतो. कुंपणाचे तुकडे लहान आणि तिरके ठेवावेत, कारण नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला वर येतात. रोप लागलं की थोडी थोडी वाळू अंगावर पडू द्यावी. हे गवत वाळूत गाडलं जात वर येतं. ती साफ करत बसू नये.

शेजारी बाग खचली, ही कड उभी राहिली. पुढची गिऱ्हाइकं ती कड बघून आली. आज टिब्ब्यांच्या गप्पा मारणाऱ्या काहींनी त्या काळात आमचा फोनही उचलला नव्हता, ते असो.

नवीन रोपवाटिका काढणाऱ्यांना, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मातृवाफ्यात, म्हणजे ज्यातून कांड्या कापता त्या वाफ्यात, नर आणि मादी दोन्ही झाडं ठेवा. एकाच झाडाच्या कांड्या वाढवत गेलात तर सगळी रोपं एकाच लिंगाची होतात, आणि वाऱ्यावर गडगडत जाणारे काटेरी गोळे धरले तरी आत बी भरत नाही. निविदा भरताना लावलेल्या रोपांवर नव्हे, पुढच्या मे महिन्यात जगलेल्या रोपांवर शेवटचा हप्ता मागा. उपटून आणणारे तिथेच गळतात. आणि वाट आधी आखा. माणसं, जीप, गुरं जिथून समुद्राकडे जातात तिथे एक लाकडी फळ्यांची वाट द्या, नाहीतर ती तुमच्या गवतातूनच पडते आणि पहिल्या वादळात पाणी त्याच खिंडीतून आत येतं.