नऊ इंची घोड्याचं खोगीर

"तू ते खेळण्यातल्या घोड्यांचं नक्की काय करतेस गं?" असं इतक्या जणांनी विचारलंय की आज एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते.

इथे अमेरिकेत ब्रेयर नावाची कंपनी १९५० पासून प्लास्टिकचे घोडे बनवतेय. पहिला घोडा खरं तर एका घड्याळ कंपनीच्या ऑर्डरसाठी केलेला, घड्याळाशेजारी शोभेला उभा राहायला, पण लोकांना तो घोडाच इतका आवडला की पुढे घोडे हाच त्यांचा मुख्य धंदा झाला. ते लहान मुलांसाठी असतात हे खरंय पण ते जमवणारी आणि त्यांचे शो भरवणारी मोठी माणसं हजारोंनी आहेत. केंटकीत लेक्सिंग्टनला १९९० पासून दर जुलैमध्ये ब्रेयरफेस्ट भरतो, आमच्या सिनसिनाटीपासून गाडीने साधारण दीड तास. शोमध्ये एक प्रकार असतो परफॉर्मन्स, म्हणजे घोडा काहीतरी काम करताना दाखवायचा, उडी मारताना, गुरं वळवताना वगैरे, आणि त्याच्या अंगावरचं सगळं सामान खऱ्यासारखंच हवं. खोगीर, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या), लगाम, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), सगळं. मी ते सामान बनवते, आणि मला यातलं सगळ्यात जास्त वेड आहे ते वेस्टर्न सॅडलचं, म्हणजे काउबॉयवालं, पुढे हॉर्न, म्हणजे उंच खुंटी असलेलं मोठं खोगीर.

आता खरी गंमत. मोठ्या मॉडेलचं स्केल असतं १:९. लांबी रुंदी नवाने भागली की झालं असं वाटतं ना, पण चामड्याची जाडी आपोआप भागली जात नाही! खऱ्या वेस्टर्न खोगिराचं चामडं साधारण पाच मिलीमीटर जाड असतं, म्हणजे माझं हवं जेमतेम अर्धा मिलीमीटर. त्यापेक्षा जाड राहिलं की रंग कितीही छान द्या, नक्षी कितीही सुंदर काढा, फोटोत ते खेळणंच दिसतं. लोक बक्कल आणि नक्षीवर जीव काढतात पण माझं ठाम मत आहे की नव्वद टक्के काम तासण्यात आहे.

तासायला मी कोल्हापूरहून आणलेली रापी वापरते, आपले चप्पल करणारे कारागीर वापरतात तीच. इथे स्कायव्हिंगच्या, म्हणजे चामडं तासायच्या चांगल्या सुऱ्या मिळतात, पण रापीची ती रुंद धार हाताला जी बसते ती बसतेच. खाली काच, काचेवर चामडं उलटं, रापी जवळपास आडवी धरायची आणि आपल्यापासून लांब ढकलायची. धार बरोबर असेल तर कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा सलग निघतो, आणि धार जरा कमी असेल तर चामडं ओढलं जातं, मग पट्टा एकीकडे जाड एकीकडे पातळ. म्हणून दर थोड्या वेळाने धार लावायची, कंटाळा करायचा नाही.

चामडं व्हेज टॅन्डच हवं, म्हणजे झाडाच्या साली वगैरेंनी कमावलेलं. क्रोमवालं, म्हणजे क्रोमच्या रसायनाने कमावलेलं, मऊ असतं पण ओलं करून दाबलं तरी आकार धरत नाही, त्यावर नक्षीही उमटत नाही. खोगिराचा सांगाडा, ज्याला इथे ट्री म्हणतात, तो मी इपॉक्सी पुट्टीचा करते, आणि तो त्या त्या घोड्याच्या पाठीवरच घडवावा लागतो, मध्ये क्लिंग फिल्म ठेवून, कारण प्रत्येक मॉडेलची पाठ वेगळी. त्यावर ओलं चामडं ताणून बसवलं की सीट, कँटल (सीटमागचा उंच काठ), सगळे उंचसखल भाग बोटांनी दाबत दाबत वर येतात आणि हा भाग मला तासन्‌तास करायला आवडतो.

शिवणीचं विचाराल तर खऱ्या खोगिरावर इंचाला आठ टाके धरले तर इथे बहात्तर होतात, तेवढे हाताने घालणं शक्यच नाही, म्हणून बारीक चाक फिरवून नुसते टाक्यांचे ठसे उमटवायचे. ते मला चालतं. पण चिकटवलेलं बक्कल मला अजिबात चालत नाही. लगामाचा पट्टा दोन मिलीमीटरपेक्षाही कमी रुंदीचा असतो, त्याला सुईने भोकं पाडून तारेचं बक्कल खरंखुरं लावता येतं, काढता येतं. तंग आवळता आलाच पाहिजे. घोड्याच्या कोपरामागे चार बोटं जागा सोडून तंग येतो, आपल्या मापात आठेक मिलीमीटर, आणि तिथे तो सैल लोंबत असेल तर जज लगेच मार्क कापतात, आणि बरोबर करतात, कारण खऱ्या घोड्यावर असं खोगीर फिरलं तर स्वार पडेल.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी थेट खोगिरावर उडी मारू नका, आधी साधा हॉल्टर, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवतीचा पट्ट्यांचा साज, करा. सरळ, एकसारखे पट्टे कापता आले की पुढचं पुष्कळ सोपं जातं. आणि एक, शो झाला की खोगीर घोड्यावर तसंच ठेवू नका, चामड्याचं तेल आणि रंग प्लास्टिकला लागतो आणि मग तो डाग जात नाही.

आता मला मराठी स्वाराचं खोगीर करायचंय, दुमचीसकट (शेपटीखालून जाऊन खोगीर पुढे सरकू न देणारा पट्टा). त्यासाठी कोल्हापुरी चपलेच्या वेणीला वापरतात तसलं शेळीचं चामडं हवंय, पण त्याहून पातळ. कोल्हापूरकडे कोणी असं तासून देणारं माहीत असेल तर प्लीज कळवा, मी डिसेंबरमध्ये येतेय.