दुसऱ्यांच्या हातांनी वाजणारं संगीत

काइया सारिआहो या पाश्चात्य शास्त्रीय संगीत लिहिणाऱ्या फिनिश संगीतकाराबद्दल मी बोलायला लागले की समोरचा हमखास विचारतो, "ती वाजवायची काय?" लहानपणी ती व्हायोलिन, पियानो, ऑर्गन शिकली होती, पण मंचावर बसून वाजवणाऱ्यांतली नव्हती. ती लिहायची. आपल्याकडे ज्यानं बंदिश बांधली तो बहुतेकदा ती स्वतः गातोही. कुणी नाही आलं तरी तानपुरा लावून तो एकटा गाऊ शकतो. पाश्चात्य संगीतकाराला ती सोय नसते. एक चेलो (व्हायोलिनच्या जातीचं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) वाजवणारा, एक बासरीवादक, शंभर माणसांचा ऑर्केस्ट्रा 'हो' म्हणाला तरच कागदावरचं वाजणार. आणि हे सगळं परक्या देशात! मी ख्याल शिकणारी बाई. माझ्या डोक्यात तिच्याबद्दल कायम हाच प्रश्न असायचा, की तिनं हे चाळीस वर्षं निभावलं कसं?

जन्म १९५२ चा, हेलसिंकीचा. तिथल्या सिबेलियस संगीत अकादमीत संगीतकार पाव्हो हायनिनेन यांच्याकडे शिकायचं तिनं ठरवलं होतं. ते 'हो' म्हणेपर्यंत ती त्यांच्या खोलीतून हललीच नाही. तिथे एसा-पेक्का सालोनेन, मॅग्नस लिंडबर्ग हे सोबती मिळाले. या मुलांनी मिळून नव्या संगीतासाठी एक गट काढला, त्याचं नाव 'कान उघडा'. पुढे ती जर्मनीत फ्रायबुर्गला ब्रायन फर्निहो आणि क्लाउस हूबर यांच्याकडे गेली. गुरू मोठे होते, पण त्या काळातल्या नव्या संगीताच्या जगात काय करायचं नाही याचीच यादी लांबलचक होती. ठेका नको, धून नको, ओळखीचा स्वरमेळ नको. नकारांवर संगीत उभं करणं तिला मानवलं नाही. १९८२ मध्ये ती पॅरिसला 'इर्काम'मध्ये गेली. फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांनी उभी केलेली ही ध्वनी आणि संगीताच्या संशोधनाची संस्था, पाँपिदू कलाकेंद्राच्या शेजारी जमिनीखाली बांधलेली. एका अभ्यासक्रमासाठी गेलेली ही मुलगी पुढे पॅरिसचीच झाली. जून २०२३ मध्ये ती गेली, तीही पॅरिसमध्येच.

इर्काममध्ये तिनं संगणकावर एकेक आवाज उलगडून पाहिला. चेलोच्या एका स्वरात किती उपस्वर दडलेले असतात, गजाचा दाब वाढवत नेला, गज तारा टेकतात त्या घोडीजवळ सरकवला की त्यातला कुठला वर येतो, कुठला विरतो, आणि शेवटी स्वराची खरखर कशी होते. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात न छेडलेला स्वयंभू गंधार ज्यानं ऐकलाय, त्याला तिचं काम समजावून सांगावं लागत नाही. 'लिख्तबोगन' ही १९८६ ची रचना उत्तर ध्रुवाकडच्या आकाशातला प्रकाश पाहून सुचलेली, आणि तिच्यातला स्वरमेळ चेलोच्या आवाजाच्या अशाच विश्लेषणातून काढलेला. संगणकाचं नाव काढलं की लोकांना कोरडं काहीतरी वाटतं. तिचं संगीत अजिबात कोरडं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. तिनं माणसं धरली, आणि धरून ठेवली. चेलोवादक अन्सी कार्तुनेन, बासरीवादक कॅमिला होइटेंगा. १९८८ ची 'पेटल्स' कार्तुनेननं वाजवली, २००० ची 'सेत् पापियों' त्याच्यासाठी लिहिली, आणि त्यानंतर 'नोट्स ऑन लाइट' हा चेलो कंचेर्तोही (म्हणजे चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) त्याच्याचसाठी. एकाच माणसाच्या हातांसाठी इतकी वर्षं लिहिल्यावर त्या हातांना काय जमतं, कुठे ते कचरतात, हे लिहिणाऱ्याला आतून कळत असणार. होइटेंगाच्या बासरीत फुंकेबरोबर कुजबुजलेले शब्द येतात, ते ऐकताना मला तर बासरी आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत. कान उघडण्याच्या गटातला सालोनेन पुढे जगभर गाजलेला कंडक्टर झाला आणि तिच्या रचना घेऊन फिरला. परदेशातली कारकीर्द म्हटली की आपण पुरस्कार मोजतो. ते तिलाही मिळाले, २००३ चा ग्रॉमायर, २०१३ चा पोलार. पण माझ्या मते तिचा खरा आधार ही चार-सहा माणसं होती.

ऑपेराचंही तसंच. १९९२ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गला अमेरिकी दिग्दर्शक पीटर सेलर्सनं बसवलेला फ्रेंच संगीतकार मेसियां यांचा 'सेंट फ्रान्सिस' पाहून तिला वाटलं की ऑपेरा असाही असू शकतो. आठ वर्षांनी त्याच साल्झबुर्गमध्ये, त्याच सेलर्सच्या दिग्दर्शनात, तिचा 'लामूर द ल्वां' आला. बाराव्या शतकातला कवी समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या स्त्रीवर प्रेम करतो, एवढीच गोष्ट. संहिता अमीन मालूफ यांची, ते लेबनॉन सोडून पॅरिसला आलेले. दोन घर सोडलेल्या माणसांनी मिळून अंतरावर ऑपेरा लिहिला, आणि त्यातलं अंतर खरं वाटतं. डिसेंबर २०१६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला. त्या रंगमंचावर याआधी एका स्त्रीचा ऑपेरा झाला होता १९०३ मध्ये, इंग्लिश संगीतकार एथेल स्मिथचा. मधली एकशे तेरा वर्षं! मला हे वाचून संताप आला होता, अजून येतो. 'स्त्री संगीतकार' हे बिरुद सारिआहोला स्वतःला मात्र मुळीच आवडायचं नाही.

तिचा शेवटचा ऑपेरा 'इनोसन्स' महासाथीमुळे पुढे ढकलला गेला आणि जुलै २०२१ मध्ये फ्रान्समध्ये एक्स-ऑं-प्रोव्हान्सला झाला. हेलसिंकीतलं एक लग्न, आणि दहा वर्षांपूर्वी एका शाळेत झालेला गोळीबार. मूळ संहिता फिनिश लेखिका सोफी ओक्सानेनची, ती अनेक भाषांत नेली सारिआहोच्या मुलानं, अलेक्सी बारिएरनं. प्रत्येक पात्र आपापल्या भाषेत बोलतं, अशा नऊ भाषा. मारल्या गेलेल्या मुलीचं काम एका फिनिश लोकगायिकेनं केलंय, आणि तिच्या गळ्यातून गुरांना साद घालणाऱ्यांची ती उंच, सरळ हाक येते. चाळीस वर्षं पॅरिसमध्ये राहून सारिआहोनं फिनलंडच्या कुरणातला आवाज ऑपेरात आणला. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम हेच.

नव्यानं ऐकणाऱ्यांनी मात्र 'इनोसन्स'पासून सुरुवात करू नये, ते फार जड जाईल. आधी कार्तुनेननं वाजवलेलं 'सेत् पापियों' घ्या. सात छोटे तुकडे आहेत, एकटा चेलो. हेडफोन लावून ऐका, कारण अर्धं संगीत गजाच्या श्वासाइतक्या आवाजात आहे. मग 'लिख्तबोगन', आणि त्यानंतर एखाद्या मोकळ्या संध्याकाळी 'लामूर द ल्वां' सलग.