हे झाड भोरचंच आहे

"हे काश्मीर का हो?" मी रंगवलेल्या लाल झाडांच्या चित्रांसमोर उभं राहून आजवर कितीतरी जणांनी हे विचारलंय. कुणी कॅनडा म्हणतं, कुणी "कल्पनेतलं दिसतंय" म्हणून पुढे सरकतं. इतकी वर्षं मी "नाही, भोरचं" एवढंच सांगत आले. तुम्ही मात्र थांबून विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

हा कुसुंब. काही ठिकाणी कोशिंब म्हणतात. ही पानगळ नाही, कोवळी पालवी आहे. फाल्गुन-चैत्रात डोंगर भाजून निघालेला असतो आणि ह्या झाडाला लालभडक पानं फुटतात. पानात हरितद्रव्य पुरतं भरायचं असतं, तोवर लाल द्रव्य त्याला उन्हापासून जपतं. थोड्याच दिवसांत सगळं झाड हिरवं. पळस, पांगारा फुलांनी लाल होतात, ते लोकांना पटतं. पानांचा लाल पटत नाही. शाळेपासून झाड म्हटलं की आपण हिरवाच खडू उचललेला.

2011 साली पुण्यातल्या एका प्रदर्शनात माझ्या लाल कुसुंबाच्या चित्रापुढे एक ज्येष्ठ चित्रकार चारचौघांत म्हणाले, "बाई, रंग निसर्गातून घ्यावेत, ट्यूबमधून नव्हे." त्या झाडाखाली मी सलग नऊ सकाळी बसले होते. चित्र घरी आणून गडद लाल अ‍ॅलिझरिनचे पातळ थर दिले होते, एक वाळला की दुसरा, उन्हाकडच्या पानांना किंचित नारिंगी. हे सगळं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "हो सर." प्रदर्शन संपल्यावर, घरी आले त्याच रात्री व्हिरिडियनच्या हिरव्यात मातकट पिवळा यलो ऑकर कालवला आणि अख्खं झाड हिरवं करून टाकलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. तेच अजून सलतं.

पुढच्या फाल्गुनात गेले तर झाड नव्हतं. रस्ता रुंद होत होता. बुंधा जमिनीलगत कापलेला, कापलेली बाजू अजून ओली, तिच्यावर मुंग्या. घरी येऊन नाइफने तो हिरवा खरवडायला घेतला. त्याच्याबरोबर खालचा लालही सोलून आला आणि कॅनव्हासचे धागे दिसायला लागले. मग थांबले.

तेव्हाच्या माझ्याशी अजून भांडण चालतं. ती म्हणते, सर अगदीच चुकीचे नव्हते. झाड रोज बदलत होतं आणि तू पहिल्या सकाळचाच लाल धरून बसलीस. खरं आहे. नवव्या सकाळी खालच्या फांद्या हिरवट झाल्या होत्या, ते मी रंगवलं नाही. पण मी तो लाल डोळ्यांनी पाहिला होता हो!

वरंध घाटाच्या अलीकडे दुसरा कुसुंब सापडलाय. यंदा चार सकाळी बसले. सावलीतून पाहिला तर विटकरी, पानांमागून ऊन आलं की पेटल्यासारखा. ह्यातला कुठला घ्यायचा ते ठरत नाहीये. चित्र अर्धं आहे. ते खरवडलेलंही टाकलेलं नाही, कपाटामागे उभं आहे.