डिव्हिडंड आलाच नाही म्हणे!

2025 मध्ये रिव्हाइज्ड, म्हणजे सुधारित टॅक्स रिटर्न भरायची मुदत 31 डिसेंबर होती, त्यामुळे वर्षाचा शेवटचा आठवडा आमच्या टॅक्सच्या ऑफिसात नुसता धुमाकूळ होता. त्यातच एक क्लायंट आला. अमेरिकन कंपनीत नोकरी, पगारासोबत शेअर मिळालेले. हातात इन्कम टॅक्सचा मेसेज, की परदेशी मालमत्ता दिसतेय पण रिटर्नमध्ये नाही. जुलैमध्ये पठ्ठ्याने स्वतःच आयटीआर-1 हा रिटर्नचा साधा फॉर्म भरून टाकलेला, जो परदेशात शेअर असतील तर चालतच नाही.

वर ठाम सांगतोय, "मॅडम, शेअर आहेत पण डिव्हिडंडचा, म्हणजे लाभांशाचा, एक रुपया खात्यात आला नाही, बँक स्टेटमेंट बघा."

मी म्हटलं बँकेचं राहू दे, ब्रोकरचं स्टेटमेंट उघड. तिथे दर तिमाहीला लागोपाठ तीन ओळी. डिव्हिडंड 100 डॉलर, टॅक्स कापला 25, आणि उरलेल्या 75 चे परत त्याच कंपनीचे शेअर, तेही अपूर्णांकात. ऑटो रीइन्व्हेस्ट, म्हणजे डिव्हिडंडचे आपोआप शेअर घेणं, चालू होतं आणि याला पत्ताच नाही! पैसे हातात पडले नाहीत तरी उत्पन्न ते उत्पन्नच, आणि दाखवायचे पूर्ण 100, 75 नाही (इथे भलेभले चुकतात).

मग परदेशी शेअर दाखवता येतात तो आयटीआर-2 काढला. खरा वैताग तारखांचा, त्यातला परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, कॅलेंडर वर्षाचं (इथे 2024) मागतो आणि उत्पन्न एप्रिल 2024 ते मार्च 2025, म्हणजे मार्च 2025 चा डिव्हिडंड उत्पन्नात धरायचा पण एफएमध्ये नाही, मार्च 2024 चा बरोबर उलटा. डॉलरचा रेट गूगलवरचा चालत नाही, डिव्हिडंडच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) लागतो, त्यामुळे प्रत्येक ओळीला वेगळा. अमेरिकेत कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट हवं म्हणून आधी फॉर्म 67 भरला, मग रिटर्न.

तो बिचारा सगळा वेळ परदेशी मालमत्ता लपवल्याच्या 10 लाखांच्या दंडाचंच विचारत होता, कुठेतरी वाचून आलेला. शेअर सगळे मिळून 20 लाखांच्या आत होते, 1 ऑक्टोबर 2024 पासून तेवढ्यावर तो दंड नाही, हे सांगितल्यावर पाणी प्यायला.

टॅक्स किती निघाला? तो 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून 31.2, त्यातून तिकडचे 25 वजा, म्हणजे शंभर डॉलरमागे सव्वासहा डॉलरसुद्धा नाही, वर थोडं व्याज. चलन भरताना म्हणतो, "एवढंच? मॅडम, मिसेसला पण असेच शेअर मिळालेत, तिचं रिटर्न पण मीच भरलंय."

म्हटलं लाव फोन, लॉगिन माग.