घाट, बेदाणे आणि श्रावणी सोमवार (आठवडा नववा)

हिल हाफच्या (साताऱ्याच्या डोंगरी हाफ मॅरेथॉनच्या) तयारीबद्दल मागच्या वेळी लिहिलं होतं ना, की साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात वरच्या वळणांवर पाय एकदम दगड होतायत, तर पळण्याच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी सांगितलं चढाचे रिपीट (तोच चढ पुन्हा पुन्हा पळणं) वाढव. वाढवले, तीन आठवडे केले, काही फरक नाही. मग पळण्याची वही बाजूला ठेवली आणि खाण्याची वही लिहायला घेतली, आणि चार दिवसात कळलं की गडबड पायात नाहीच.

रात्री आठला एक भाकरी-भाजी, पहाटे पावणेपाचला उठून कोरा चहा आणि साडेपाचला पळायला बाहेर, म्हणजे साडेनऊ तास पोटात काहीच नाही. झोपेत यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो, आणि मी तसंच घाट चढायला जात होते. आता लाँग रनच्या (आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याच्या) आदल्या रात्री भाकरीऐवजी वरण-भात, थोडा जास्तच, कारण ज्वारीच्या कोंड्यानं माझं पोट सकाळी कुरकुरतं (रोजच्या जेवणात भाकरी आहेच, ती सोडणार नाही). आणि निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं आणि गुळाचा खडा.

आता मेन गोष्ट बेदाणे. नणंदेचं सासर तासगावचं, त्यामुळे घरात बेदाण्याचा डबा कायम भरलेला आणि मी मात्र पळताना खायची महागाची एनर्जी जेल मागवत होते. किचनच्या काट्यावर मोजलं, माझी एक मूठ 40 ग्रॅम भरते, त्यात साधारण 30 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं). तासाभराच्या वर पळायचं असेल तर ताशी 30 ते 60 ग्रॅम कार्ब लागतात, म्हणजे तासाला एक ते दोन मुठी, एवढा सोपा हिशोब आहे. पण पहिल्यांदा भर चढावर तोंडात टाकले आणि दम लागलेला असताना ते चावणं होईचना, घशातच अडकल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा दोन मुठी एकदम खाल्ल्या तर पोटात गुडगुड, त्यात फ्रुक्टोज (फळांतली साखर) बरंच असतं म्हणून असेल. आता रात्री थोडे भिजवते, सकाळी निथळून चिमूटभर मीठ लावून छोट्या पिशवीत घेते. समर्थ मंदिराच्या पुढं खरा चढ लागायच्या आधी अर्धी मूठ, वर जाताना फक्त पाण्याचे घोट, आणि वरून वळलं की उतारावर श्वास बसल्यावर उरलेले दोन-तीनदा करून. आपल्या हिल हाफला आधी चढ मग उतार, त्यामुळे हे गणित तिथं फिट बसतं.

ओआरएसबद्दल एक सांगते, त्यातून ताकद मिळते असं समजू नका. लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, ते पाणी आणि क्षारांसाठी आहे, पोटाला आधार वेगळा लागतोच.

श्रावणाचा प्रश्न मात्र मोठा होता. रविवारी 18 किमी आणि सोमवारी उपवास, म्हणजे स्नायू भरून यायच्या दिवशीच साबुदाणा, ज्यात नुसता स्टार्च. माझं वजन 56, किलोला 1.2 ते 2 ग्रॅम प्रोटीन धरलं तर कमीतकमी 67 लागतं. खिचडीतलं दाण्याचं कूट, दोन ग्लास दूध, दही धरून कसंबसं 40 भरलं. उपवास मोडायचा नव्हता, तो माझ्या मनापासूनचा आहे. सासूबाईच म्हणाल्या, "अगं मग शनिवारी पळ की, दुकान मी उघडते." इतकं साधं मला सुचलं नव्हतं! आता शनिवारी लाँग रन, शनिवार-रविवार दोन्ही दिवस मटकीची उसळ, वरण, पनीर, ताक असं व्यवस्थित जेवण, आणि सोमवारी पूर्ण आराम.

हिमोग्लोबिन फेब्रुवारीत 10.4 होतं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, आणि जेवणावर लगेच चहा घेत होते तो आता तासाभरानं घेते, कारण चहानं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही.

या शनिवारी तोच घाट, तीच वळणं, एकदाही चालले नाही. 18 किमी 2 तास 9 मिनिटात, मागच्या महिन्यापेक्षा 11 मिनिटं कमी. पुढच्या शनिवारी पावसाचा रेनकोट घालून तेच खाणं करून बघणार आहे, कारण ओल्या हातानं पिशवी उघडायला फार वेळ जातो, त्यावर कुणाकडं उपाय असेल तर नक्की सांगा.