ओटाचं खरं रूप दुसऱ्या कापणीला

मोहोळ तालुक्यात वाणाचा विषय निघाला की तो मालदांडीवर जाऊन टेकतो. साहजिक आहे. ही ज्वारी, म्हणजे एम ३५-१, इथल्याच संशोधन केंद्रावर, १९३०च्या दशकात, स्थानिक ज्वारीतून निवडली गेली आणि आजही रब्बीला तीच पेरणारे आहेत. भाकरी चांगली आणि कडबाही, म्हणून टिकली.

ओटात (म्हणजे जई, आमच्याकडे ती हिरव्या चाऱ्यासाठी पेरतो) दाणा आणि चारा दोन्ही एकदम साधत नाही. दाण्यासाठी निवड करणारा बुटकं, ताठ, एकसारखं पिकणारं झाड शोधतो. मला पंढरपुरी म्हशींच्या गव्हाणीत टाकायला पाला हवा. रुंद पानं, भरपूर फुटवे, मऊ ताट, आणि निसवणं जितकं उशिरा तितकं बरं. लोंबी बाहेर पडली की ताट कडक होत जातं, प्रथिनं उतरतात आणि म्हशी बुडखे चघळून टाकून देतात.

आमच्याकडे केंट आणि राहुरीच्या विद्यापीठाचा फुले हरिता, असे ओटाच्या दोन वाणांचे पट्टे शेजारी शेजारी आहेत. मामा (माझे सासरे) बांधावर उभं राहून उंची बघतात. "कमरेच्या वर गेलंय की गं, हेच ठेव." पण पहिल्या कापणीला, म्हणजे ५०-५५ दिवसांनी, सगळेच वाण देखणे दिसतात. चार बोटं वर राखून कापलं, पाणी आणि युरिया दिला, की त्यानंतर कुठल्या पट्ट्यातले बुडखे दाट फुटतात आणि कुठले विरळ राहतात, ते बघायचं. उंच वाढलेलं पीक पाणी देताना लोळलं तर विळाही चालत नाही, हेही मामांना मान्य आहे, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

सोलापुरात अडचण वेगळीच. थंडी आखूड, आणि मार्चचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. फार उशिरा निसवणारा वाण चारा झकास देतो, पण दाणा भरायच्या वेळी उन्हात सापडतो आणि बी पोचट राहतं. चाऱ्याला उशीर हवा, बियाण्याला घाई. निवड करणाऱ्याची सगळी कसरत या दोघांच्या मध्ये.

मग आपणच दांडगी झाडं हेरून, दोरा बांधून, वाण सुधारावा का? ओट स्वपरागी आहे, म्हणजे फुलाचे पराग त्याच फुलात पडतात, म्हणून घरचं बी पुढच्या वर्षी बिघडत नाही. पण त्याच कारणाने शुद्ध वाणात निवडीला फारसं काही उरत नाही. डेन्मार्कच्या योहान्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेवड्यावर हेच दाखवलं होतं: शुद्ध वंशातला मोठा दाणा पेरला काय किंवा बारका, पुढची पिढी सारखीच. उकिरड्याकडचं झाड जाड दिसतं ते खतामुळे. नवं काही हवं तर संकर लागतो. इवल्या फुलातले परागकोश चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग टाकायचे, मग दुसऱ्या पिढीपासून वेगवेगळी निघणारी झाडं पिढ्यानपिढ्या चाळत बसायचं. ते काम राहुरीच्या विद्यापीठाचं आणि झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं. माझं काम भेसळ उपटण्याचं, आणि लोंब्या पिवळ्या पडल्या की दाणे गळायच्या आत कापण्याचं.

बी उन्हात सापडू नये म्हणून बियाण्याच्या पट्ट्याची मी चाऱ्यासाठी एकच कापणी घेते. दुसरी मामांनी मागितली तरी देत नाही.